उरलेलं अर्धं वाक्य

तोंडात गरम बटाटा असला की माणसाला गिळता येत नाही, थुंकता येत नाही आणि बोलता तर मुळीच येत नाही. प्रॉम्प्टरची नेमकी हीच अवस्था झालेली असताना ताईचा दुपारचा फोन आला. फोन जेवणाच्या टेबलावर, आवाज मोठा केलेला, समोर टीव्हीवर जगाचा नकाशा गोवर आल्यासारखा लाल झालेला, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरातून ताई म्हणाली, “मी आता जरा खिडकीशी...” आणि थांबली. एरवी ‘बसते’ हा शब्द त्यानं तिच्या हातात केव्हाच ठेवला असता. जन्मभर त्याचा तो धंदाच होता. पण बटाटा टाळूला चिकटलेला. शब्द आत, वाफ आत, डोळ्यांत पाणी. तिकडे वाक्य दोरीवर विसरलेल्या मोज्यासारखं लोंबकळत राहिलं. टीव्हीवरच्या बाईंनी तेवढ्यात एका अख्ख्या देशाचे आकडे सांगून टाकले. आणि मग, कुणी जिना चढून यावं आणि दाराच्या चौकटीला धरून उभं राहावं, तसा पलीकडून शब्द आला, “...बसते.” त्याच्यामागोमाग एक बारीक शीळ. शीळ घालायला ताई काही लहान नव्हती.

फोन ठेवल्यावर त्यानं बटाटा गिळला. छातीपर्यंत भाजत गेला, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याचं लक्ष त्या थांबण्याकडे होतं. थांबण्याच्या बाबतीत त्याला फसवणं सोपं नव्हतं. नाटक कंपनीच्या विंगेत, अंधारात, गुडघ्यावर संहिता आणि त्यावर टॉर्चचा अंगठ्याएवढा उजेड धरून त्यानं उभी हयात काढली होती, आणि एवढ्या काळात नटांच्या थांबण्याच्या दोनच जाती त्याच्या पाहण्यात आल्या होत्या. एक, नट मुद्दाम थांबतो ती. त्यात मान किंचित वर असते, प्रेक्षक श्वास धरून असतात आणि प्रॉम्प्टरनं तेव्हा तोंड उघडलं तर मध्यंतरात त्याचा खून होऊ शकतो. दुसरी, नट विसरतो ती. त्यात मान तशीच वर असते, पण डोळे विंगेकडे येतात, कर्जबाजारी माणसाचे शेजाऱ्याकडे यावेत तसे. या दोहोंतला फरक डोळ्याची पापणी लवायच्या आत ओळखणं म्हणजे प्रॉम्प्टिंग. बाकी वाचता तर काय कुणालाही येतं. ताईचं थांबणं या दोन्हींत बसत नव्हतं. ती विसरली नव्हती. हवामान खात्यातून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी कुठल्या साली कुठल्या महिन्यात गारा पडल्या ते तिला तोंडपाठ होतं. आणि मुद्दाम थांबायला, ‘खिडकीशी बसते’ यात नाट्य ते काय?

“आज कळलं का तुम्हाला?” बायको ताटल्या उचलत म्हणाली. ही त्याच नाटकगृहाच्या तिकीट खिडकीत बसायची. लग्नाआधी त्यानं तिला काचेपलीकडूनच पाहिलं होतं, त्यामुळे आता वाण्यानं आणि औषधवाल्यानं दुकानापुढे काचा बसवल्या तेव्हा सगळ्या गल्लीत ती एकटीच खूश होती.

“काय कळायचंय?”

“त्यांना वाक्य पुरं होत नाही ते. तुम्ही आज गप्प होतात म्हणून ऐकू आलं. एरवी त्या फोन लावतात आणि बोलता तुम्ही.”

“मी कुठे बोलतो? मी आपला हं हं करतो.”

“हं हं करता? त्या म्हणतात, ‘रात्री झोप’. तुम्ही म्हणता, ‘चांगली लागली ना?’ त्या म्हणतात, हं. त्या म्हणतात, ‘थोडंसं सूप’. तुम्ही म्हणता, ‘घेतलंस, वा!’ त्या म्हणतात, हं. आरंभ त्यांचा आणि शेवट तुमचा. मला वाटलं, बहीणभावांचं तसंच असतं. आमच्याकडे नाही, पण असेल.”

त्यानं खुर्ची मागे सरकवली आणि पुन्हा तिथेच बसला. घर तेच होतं, टाळेबंदी लागल्यापासून पाठ झालेलं: खिडकी, कपाट, फ्रीजची घरघर, बाहेरच्या रिकाम्या रस्त्यावर रेंगाळत चालणारं कुत्रं, आणि सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत बोलणारा टीव्ही. सुरुवातीला तो बातम्या चवीनं ऐके. निवेदिका कुठे अडखळते, तज्ज्ञ कुठे श्वास घेतो, मंत्र्याला कागदावरची ओळ सापडत नाही तेव्हा तो पाण्याचा पेला कसा उचलतो, हे सगळं त्याला आतल्या माणसाच्या नजरेनं दिसे, आणि तो खुर्चीतून हलक्या आवाजात त्यांना पुढचा शब्द देऊन टाकी. ‘परिस्थिती...’ म्हणायचा अवकाश, हा म्हणे, ‘नियंत्रणात आहे.’ नाटकगृहाला कुलूप लागलं होतं. हात शिवशिवायचे, तसे त्याचे ओठ शिवशिवायचे. हाताशी नट नव्हते, मग त्यानं टीव्हीला धरलं होतं. आणि टीव्हीला धरता धरता ताईला.

आता त्याला एकेक फोन आठवायला लागला. ताप आला त्या दिवशी ती तिच्या नेहमीच्या भाषेत म्हणाली होती, “आकाश अंशतः ढगाळ. काळजी नको.” हे सबंध वाक्य तिचं होतं, त्याला खात्री होती. तपासणीत ती बाधित निघाली तेव्हा डॉक्टरांनी हॉस्पिटलचं नाव काढलं, आणि तिनं सुनावलं होतं, “तिकडे जातात माणसं आणि येतात पिशव्या. मी बातम्या बघते हो, डॉक्टर. माझ्या दाराला आतून कडी आहे आणि कडीला मी आहे.” हेही तिचंच, इतकं ठसक्यात दुसरं कोण बोलणार! ताप उतरला तेव्हा “निरभ्र,” म्हणाली. एकच शब्द. तेव्हा त्याला तो विनोद वाटला होता. त्यानंतरचं मात्र काहीच त्याला तिच्या आवाजात ऐकू येईना. ‘आज जरा बरं वाटतंय’ हे कोण म्हणालं? ‘खोकला कमी आहे’ हे? दारात खालच्या मजल्यावरची शेजारीण डबा ठेवून जाते, तो ‘उचलून आत घेताना दम लागत नाही’, हे तर डॉक्टरांच्या थेट प्रश्नाला दिलेलं उत्तर होतं. ताईच्या जुन्या फोनला तिघांचं बोलणं जमत नसे, म्हणून रोज सकाळी तोच डॉक्टरांना मध्ये घेई. “दम लागतो का?” डॉक्टर विचारत. ताई म्हणे, “डबा उचलताना...” आणि त्या पोकळीत, हळूच, मऊ आवाजात, पहिल्या रांगेलाही कळू नये अशा बेतानं, ‘नाही लागत’. कुणी सरकवलं ते? डॉक्टरांच्या कानाला सबंध वाक्य ऐकू आलं. प्रॉम्प्टरचं कौशल्यच ते: काम चोख झालं तर तो तिथे नव्हताच.

लहानपणी शाळेच्या रंगमंचावर तो कविता विसरला होता. समोर बसलेल्या ताईनं त्याला पुढची ओळ सांगितली, मग त्याच्या पुढची, मग तिला राहवेना म्हणून उभी राहून तिनं कविता संपवली आणि बक्षीस घेऊन घरी आली. आईनं दोघांना अर्धा अर्धा पेढा देऊन वाद मिटवला. त्यातलाही मोठा अर्धा ताईनं घेतला. “सांगणाऱ्यानं सांगायचं असतं, म्हणायचं नसतं,” हे तिला त्यानं पुढे शंभरदा ऐकवलं होतं. टीव्हीवर आता फुप्फुसाचं चित्र आलं होतं, स्पंजासारखं, खालून पांढरं पडत चाललेलं. तज्ज्ञ सांगत होता की काही रोग्यांना आपल्याला प्राणवायू कमी पडतोय हे जाणवतच नाही, ते हसत असतात, बोलत असतात. प्रॉम्प्टर चरकला. बोलत असतात म्हणजे कितपत? पूर्णविरामापर्यंत? बोटाला लावून प्राणवायू सांगणारं ते चिमट्यासारखं यंत्र बाजारातून नाहीसं झालं होतं. औषधवाला काचेमागून ‘उद्या’ म्हणे. त्याला कंपनीतले नटवर्य आठवले. ऐन तिसऱ्या अंकात, मुलीला शाप देता देता थांबलेले. मान वर, डोळे विंगेकडे नाहीत, प्रेक्षकांकडे नाहीत, कुठेच नाहीत. प्रेक्षागृहात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. प्रॉम्प्टरनं ओळ दिली नव्हती. पडदा ओढणाऱ्याच्या हातावर हात मारून त्यानं पडदा पाडला होता. झटका हृदयाचा होता. वेळेवर नेलं म्हणून निभावलं. पुढे नटवर्य भरपूर जगले, आणि मरेपर्यंत भेटेल त्याला सांगत राहिले की माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम विराम या गाढवानं मारला. म्हणजे थांबण्याची तिसरी जात त्याला माहीत होती. समोर पाहिली होती. मग टेलिफोनवर कशी चुकली? कारण त्या रात्री समोर नट होता, आणि इथे ताई होती. ताई थांबेल हे त्याच्या कल्पनेतच बसत नव्हतं, म्हणून त्यानं तिला थांबूच दिलं नव्हतं.

डॉक्टरांचा फोन लागता लागेना. लागला तेव्हा तेही धापा टाकत होते. त्यांच्या धापा कामाच्या घाईच्या होत्या.

“सकाळी तर छान बोलल्या की ताई,” डॉक्टर म्हणाले.

“सकाळी मी बोललो.”

“म्हणजे?”

त्यानं सांगितलं. सांगायला जड गेलं, कारण सांगताना त्याचं त्यालाच खरं वाटत नव्हतं. पलीकडे डॉक्टर बराच वेळ गप्प होते, आणि ही कुठली जात हे ओळखायचा त्याला धीर झाला नाही.

“मला ऐकवा,” डॉक्टर शेवटी म्हणाले. “आत्ता जोडा. मी आहे हे सांगा, चोरून नको. पण तुम्ही तोंड उघडायचं नाही. त्यांना बोलू द्या. गाडी बोलवायला मला कारण हवं, आणि त्यांनी दारातून नको म्हटलं तर गाडी परत जाते, दुसऱ्याकडे जाते. फिरून मिळेलसं नाही.”

“बटाटा देऊ का एखादा?” बायको म्हणाली. ती थट्टा करत नव्हती.

त्यानं नंबर लावला. “ताई, डॉक्टर पण आहेत बरं का,” एवढं तो म्हणाला आणि खालचा ओठ दातांत धरला. “कसं वाटतंय?” डॉक्टरांनी विचारलं. “ठीक,” ताई म्हणाली. “ताप?” “नाही.” “खोकला?” “किंचित.” “जेवलात?” “हो.” एका शब्दाची बातमीपत्रं. प्रॉम्प्टरच्या ध्यानात आलं, तीही मुरलेली होती. जेवढा श्वास तेवढंच वाक्य ती कापून काढत होती, आणि कुठे उसवलं तर भाऊ होताच टाके घालायला. डॉक्टरांकडे वेळ नव्हता. त्यांच्या मागे दुसरा फोन वाजत होता. “बरं मग...” डॉक्टर म्हणाले, आणि प्रॉम्प्टरला दिसलं की पडदा चुकीच्या जागी पडतोय. गप्प राहायचं वचन दिलं होतं. त्यानं ते मोडलं, पण ओळ दिली नाही. ताईला राहवणार नाही अशी एकच गोष्ट या जगात होती: आलेखाविषयी अडाण्यानं मत देणं.

“ताई, एक विचारतो,” तो म्हणाला. “टीव्हीवर दाखवत होते, दोन दिवस आकडे उतरलेत. म्हणजे साथ गेलीच म्हणायची. मी उद्यापासून बाहेर पडतो.”

“मूर्खा,” ताई म्हणाली. केवढा गोड शब्द! “दोन दिवसांवरून... कुणी अंदाज... करतं का? वादळाचा... मधला भाग...” शीळ. “शांत असतो... म्हणून माणूस... छपरावर चढतो... आणि मग...”

आणि मग वाक्य थांबलं. पुढचं सगळं त्याला ठाऊक होतं. हे वाक्य ती त्याच्या लहानपणापासून म्हणत आली होती: आणि मग मागचा वारा उलट्या दिशेनं येतो आणि माणसाला छपरासकट घेऊन जातो. त्याच्या जिभेवर ते आलं. जीभ उचलली गेली, टाळूला टेकली, दातांपर्यंत आली. असं ओझं त्यानं कधी पेललं नव्हतं. देऊन टाकलं असतं तर ताई हं म्हणाली असती, डॉक्टर बरं म्हणाले असते, दुपार नेहमीच्या दुपारसारखी संध्याकाळकडे गेली असती. बायकोनं त्याच्या मनगटावर हात ठेवला. फोनमधून फक्त श्वास येत होता, उथळ, घाईघाईचा, पाणी आटलेल्या नळासारखा मधूनच खरवडणारा. आणि त्या श्वासात ताई वाट पाहत होती. त्याची. तिचे डोळे विंगेकडे लागले होते, त्याला इकडे बसून दिसत होते. त्यानं ओठ मिटून ठेवले.

“...वारा...” ताई म्हणाली, आणि पुढे काही आलं नाही.

“पुरे, ताई,” डॉक्टर हलकेच म्हणाले. “पुरे झालं. गाडी पाठवतोय मी. हॉस्पिटलशी बोलतो. दार उघडून ठेवा, पालथ्या झोपून राहा. मी गाडीचं बघतो, तुम्ही दोघं बोला.” आणि ते गेले.

“मला... बोलायला लावलंस,” ताई म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, आणि रागाच्या खाली, पायरी चुकल्यावर पाय शोधतो तसं काहीतरी होतं. “मुद्दाम.”

“हो.”

“मी... नाही उघडणार.”

त्याला वाटलं, आता काहीतरी म्हणायला हवं. गुडघ्यावर संहिता नव्हती. दुसऱ्यांसाठी त्यानं शेकडो प्रसंग निभावून नेले होते. मरणाऱ्या राजांना शेवटचे शब्द दिले होते, रुसलेल्या नायिकांना परत फिरायची कारणं दिली होती. त्यातलं एकही इथे चालण्यासारखं नव्हतं. बायकोनं टीव्ही बंद केला, तेव्हा पहिल्यांदाच कळलं की घरात घड्याळ आहे.

“गेले... आणि आले नाही तर?” ताई म्हणाली. “तुला... बघूसुद्धा... देणार नाहीत.”

“येशील की नाही, मला माहीत नाही,” तो म्हणाला. आवाज नाटकातला नव्हता, कुजबुजीचाही नव्हता. त्यालाच तो परका वाटला. “खोटं कशाला सांगू? दार लावून आत बसलीस तर काय होईल, ते मात्र मला माहीत आहे. तुलाही आहे. तूच आम्हाला आयुष्यभर सांगत आलीस, वादळ येतंय म्हटलं की घरात शिरायचं. आज घरात आहे ते. बाहेर ये.”

ताई हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. तोही बोलला नाही. दोन्ही घरांतून फोन नुसता चालू राहिला, आणि त्या चालू राहण्यात त्याला कोणतंही वाक्य घालावंसं वाटलं नाही. वाटलं तरी तो घालणार नव्हता. कपाटाचं दार वाजलं. काहीतरी शोधल्याची खुडबुड, एक खुर्ची सरकली, मधे मोठी विश्रांती, परत खुडबुड. ती सामान घेत होती की कुलूप घालत होती, काही कळायला मार्ग नव्हता. बायको उठून उभी राहिली होती. मग पलीकडे घंटी वाजली. एकदा. थोड्या वेळानं आणखी एकदा, जरा लांब. कुणा पुरुषाचा, कापडाआडून आल्यासारखा दबलेला आवाज: “आजी, आहात ना आत? उघडताय ना?” त्या माणसाला वेळ नव्हता हे त्याच्या आवाजात होतं. प्रॉम्प्टरनं टेबलाची कड धरली. एक पाऊल ऐकू आलं, मग बरंच काही ऐकू आलं नाही, मग आणखी एक पाऊल. आणि मग कडी निघाली. लोखंडावर लोखंड घासल्याचा, आडमुठा, लांबलचक आवाज. एखादं दीर्घ वाक्य एका दमात म्हणावं तसा.

“पाय,” ताई म्हणाली, “पुसून या.”

बायको मटकन खाली बसली आणि पदर नसलेल्या बाईनं जे करायचं ते केलं, टेबलावरच्या फडक्यात तोंड खुपसलं. फोन ताईनं बंद केला नव्हता. तसाच पर्समध्ये टाकला असावा, कारण आता सगळं किल्ल्यांच्या खुळखुळाटातून आणि अस्तराच्या घासण्यातून यायला लागलं. जिना. “सावकाश. बसा या खुर्चीत, आम्ही उचलतो.” शेजारणीचा आवाज वरच्या पट्टीत काहीतरी विचारतो आणि मागे राहतो. रस्त्यावरचा वारा. धातूचं दार. एखाद्या चाकातली हवा सुटल्यासारखा फुस्स आवाज, मग एकसारखा, बारीक, थांबायचं नाव न घेणारा. “आता बोलायचं नाही हं, आजी. अजिबात नाही. नुसता श्वास.” त्यानंतर ताईचा म्हणून आवाज आला नाही. गाडी सुरू झाली. प्रॉम्प्टर कान लावून बसला. किती वळणं घेतली ते त्याला कळत होतं, कुठे नेतायत ते कळत नव्हतं.

“ठेवा आता,” बायको म्हणाली. “बॅटरी संपेल त्यांची. लागेल तिकडे.”

तिचं बरोबर होतं. त्याचं बोट लाल बटणापर्यंत गेलंही. तेवढ्यात खुळखुळाट झाला, उजेडात आल्यासारखं सगळं मोठ्यानं ऐकू यायला लागलं आणि तोच दबलेला आवाज अगदी कानाशी म्हणाला, “हॅलो? कोण आहे? या आजी पर्सकडे बोट दाखवतायत मघापासून.”

“मी भाऊ.”

“हं. आजी बोलू शकणार नाहीत, ऑक्सिजनचा मास्क लावलाय. ऐकू येतं त्यांना. स्पीकरवर टाकू का? काही सांगायचंय?”

बायको त्याच्याकडे पाहत होती. पलीकडून तो बारीक फुसफुस आवाज येत होता, आणि त्याच्या आत, दोन श्वासांच्या मधे, कुणीतरी ऐकत होतं.

“काही सांगायचं नाही,” प्रॉम्प्टर म्हणाला. “तिला म्हणावं, मी नुसता आहे.”